भाट्येच्या बिनकुलपाच्या घराला आम्ही पाच तारे दिले तेव्हा

रत्नागिरीला जायचं ठरलं ते एका भांडणातून. आमचा 'शोधकट्टा' नावाचा ग्रुप आहे. त्यात सगळी सर्च मार्केटिंगमधली मराठी मंडळी. म्हणजे कुणाचं दुकान, कुणाचा दवाखाना, कुणाचा क्लास, हे इंटरनेटवर शोधणाऱ्याला वर दिसावं म्हणून दिवसभर खटपट करणारी माणसं. दर आठवड्याला मी तिथे 'सोमवारची खबर' टाकते. सर्च इंजिनांनी काय बदललं, कुठला नियम आला, कुणाच्या साईटची वाट लागली, असं सगळं. इतकी वर्षं एकमेकांच्या हाकेला धावलो, पण प्रत्यक्ष कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. भेटू या म्हटल्यावर पुणेकरांनी (त्यात मीही आले) पुण्यात हॉल सुचवला. नाशिककर नाशिकवर अडून बसले. कोल्हापूरच्या निखिलने लिहिलं, "हॉलमध्ये बसून चहा-बिस्किटंच खायची असतील तर मी घरातनंच ऑनलाइन येतो की!"

तेवढ्यात रत्नागिरीच्या शैलाताईंचा मेसेज आला. "माझ्याकडे या सगळे. पाच खोल्या आहेत, आंबा सुरू होतोय, नेटही बरं आहे." भांडण तिथेच मिटलं.

शैलाताईंचा भाट्येला होमस्टे आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले आणि होमस्टेचं ऑनलाइन काम एकदम त्यांच्या अंगावर आलं. तेव्हा त्या ग्रुपमध्ये आल्या. सुरुवातीला "हे पान सेव्ह कुठून करायचं?" असं विचारायच्या, आता नवीन येणाऱ्यांना त्याच समजावून सांगतात.

बेत ठरल्यावर आम्ही सगळ्यांनी काय केलं असेल? धंद्याची सवय. नकाशावर त्यांच्या होमस्टेची नोंद उघडली आणि पाहुण्यांचे अभिप्राय वाचायला बसलो. अभिप्राय नेहमीचेच होते, पण त्याखालची मालकाची उत्तरं वाचून मी ऑफिसात एकटीच हसायला लागले. ही उत्तरं शैलाताईंच्या यजमानांची, अण्णांची. कुणीतरी तक्रार केली होती की कोंबडा फार लवकर आरवतो. अण्णांचं उत्तर: "कोंबड्यास समज दिली आहे. ऐकलेले दिसत नाही. पुढील खेपेस आपणच बोलून पाहावे." कुणी लिहिलं होतं, टीव्ही नाही. उत्तर: "खरे आहे. समुद्र मात्र चोवीस तास चालू असतो, तो पाहिलात का?" एका बाईंनी आमटी फार छान म्हणून लिहिलं होतं, त्यावर फक्त एवढंच: "सौ.ला वाचून दाखवले. दुपारी पुन्हा आमटीच झाली."

मागच्या दोन वर्षांतल्या अभिप्रायांना मात्र एकही उत्तर नव्हतं. मी शैलाताईंना एकदा सुचवलं होतं की उत्तरं देत जा, नोंदीला बरं असतं. "बघू," एवढंच म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी पहाटे मी आणि माझी सहकारी प्राची पुण्याहून गाडीने निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: सातारा मागे टाकून उंब्रजला उजवीकडे वळायचं, मग पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. घाटात ट्रकच्या मागे अडकलात तर चिडू नका, ओव्हरटेकची जागा फार थोडी आहे आणि वळणं फार. पेट्रोल वरच भरून घ्या. घाट उतरून पोफळीला वीजकेंद्राच्या वसाहतीजवळ टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या मावशींनी आमच्या फुल बाह्यांच्या कुर्त्यांकडे बघून विचारलं, "वरून आलात ना? आता ह्ये गुंडाळून ठेवा. खाली काय वारा नाय."

खरंच नव्हता. चिपळूणपासून एसी पूर्ण वेगात ठेवूनही प्राची वहीने वारा घालत होती. सावर्ड्याच्या बाजारात थांबून वडापाव खाल्ला आणि ओले काजूगर घेतले. विकणाऱ्या बाईंनी सोलायची युक्ती फुकट शिकवली, नाहीतर बोटांची सालं जातात. पुढे महामार्गाचं काय सांगू. कुठे चौपदरी गुळगुळीत, कुठे एकदम वळणरस्ता आणि लाल धूळ. संगमेश्वराच्या आसपास वेळ हाताशी ठेवा. हातखंब्याला उजवीकडे वळलो, शहर ओलांडलं, आणि भाट्येच्या पुलावर आल्यावर खाडी आणि समुद्र एकदम दिसले. प्राचीने काच खाली केली.

शैलाताईंचं घर पुलापासून थोडं आत आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलं, पुढे मोठी पडवी आणि पडवीत झोपाळा. बाहेर पाटीबिटी काही नाही. दोनदा पुढे जाऊन परत आलो.

"या, या. एवढ्या उन्हाच्या कशाला निघालात गो? आधी गूळपाणी घ्या, मग बोला," शैलाताई म्हणाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक, आवाज मात्र खणखणीत. मी खोलीची किल्ली मागितली तर माझ्याकडे बघतच राहिल्या.

"किल्ली? आतून कडी आहे की! कोण येतंय तुझं सामान न्यायला?"

निखिल आंबा घाटातून आमच्या आधीच पोचला होता आणि झोपाळ्यावर पाय पसरून बसला होता. झोपाळा प्रत्येक हेलकाव्याला कर्रर वाजत होता. संध्याकाळपर्यंत बाकीचेही आले. मी शैलाताईंना म्हटलं, "झोपाळ्याच्या कड्यांना जरा तेल घालू का?"

"राहू दे," म्हणाल्या, आणि तव्यावरची घावनं उलटायला आत गेल्या.

शनिवारी सकाळी पडवीत सतरंजीवर आमचं 'संमेलन' भरलं. विषय अर्थात तोच, जो सध्या आमच्या धंद्यात सगळीकडे चाललाय. प्रश्न विचारला की सर्च इंजिन आता वरच तयार उत्तर लिहून देतं, लोक खाली उतरून साईट उघडतच नाहीत. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? कुणी घाबरलेलं होतं, कुणी उगीच अवसान आणून बोलत होतं. मी मात्र त्या सकाळी मनातलं बोलले. गेल्या वर्षी माझ्या सगळ्यात मोठ्या क्लायंटची साईट सर्च इंजिनच्या एका अपडेटमध्ये शोधयादीत धाडकन खाली गेली, तेव्हा याच मंडळींनी आपली कामं बाजूला ठेवून माझ्यासोबत एकेक पान तपासलं होतं. निखिलने तर घरचं लग्न चालू असताना मंडपातून फोन लावला होता. क्लायंट टिकला, मीही टिकले. त्यांचे आभार मी मेसेजमधून मानले होते, पण समोर बसवून मानायचे राहिले होते. ते मानले.

"बास की ताई, आता रडवालाय काय," निखिल म्हणाला, आणि नाक शिंकरायला अंगणात गेला.

दुपारचं जेवण मी विसरणार नाही. ओल्या काजूची उसळ, तळलेली सुरमई, सोलकढी, आणि मोसमातला पहिला आमरस. जेवणासकट राहण्याचा खर्च शहरातल्या साध्या हॉटेलच्या नुसत्या खोलीएवढाही नाही. पोट जड, मन भरून आलेलं, सगळे पडवीत लोळत होतो. कुणीतरी म्हणालं, "शैलाताईंना एक एक छान अभिप्राय लिहू या रे." लगेच सगळ्यांनी फोन काढले.

आता नीट ऐका. एकाच घराच्या वायफायवरून, एकाच दुपारी, डझनभर लोकांनी पाचपैकी पाच तारे दिले. आणि कहर म्हणजे सवयीने प्रत्येकाने वाक्यात 'भाट्ये समुद्रकिनाऱ्याजवळील उत्तम घरगुती होमस्टे, रत्नागिरी' हे घुसवलं. आमच्या हाताला तेच वळण आहे, प्रेमपत्र लिहायला बसवलं तरी आम्ही त्यात गावाचं नाव घालू. साध्या पाहुण्यांनी लिहिलं असतं तर मागेपुढे लिहिलं असतं, काहीतरी वेगळं लिहिलं असतं. खोटे अभिप्राय पकडणाऱ्या यंत्राला हवं असतं ते सगळं आम्ही ताटात वाढून दिलं.

चहाच्या वेळी शैलाताई फोन घेऊन बाहेर आल्या. "अगो मृणाल, हे काय आलंय बघ."

नोंद निलंबित. संशयास्पद अभिप्रायांमुळे. नकाशावर शोधलं तर भाट्येला झाडं होती, रस्ता होता, पण त्यांचं घर नव्हतं.

प्राचीने कपाळावर हात मारला. "एका ठिकाणाहून आलेले अभिप्राय आता कडकपणे तपासतात, हे याच सोमवारच्या खबरेत होतं ना गं?"

होतं. मीच लिहिलं होतं.

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. अपील करू, अमुक करू, मे महिन्याचं बुकिंग बुडू देणार नाही. शैलाताईंनी हात वर केला. "बुकिंगचं सोडा हो. जुने पाहुणे फोन करतात, मे भरेल माझा. पण त्यांची उत्तरं…" झोपाळ्याच्या कडेला टेकल्या.

मग सावकाश सांगितलं. अण्णा रोज संध्याकाळी याच झोपाळ्यावर बसून ती उत्तरं लिहायचे आणि पाठवण्याआधी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने वाचायचे. अण्णांचे फोटो घरात आहेत, पण त्यांचं बोलणं दुसरीकडे कुठेच नव्हतं. ते सगळं त्या नोंदीत होतं. "त्यांच्यानंतर मी एकही उत्तर दिलं नाही. म्हटलं, शेवटचं उत्तर त्यांचंच राहू दे. कधी करमलं नाही की उघडून वाचते."

आम्ही उघडून पाहिलं. पान येतच नव्हतं. जुनी प्रत कुठे साठलेली सापडते का, तेही शोधलं. काही मिळालं नाही. कायमचं गेलं की फक्त झाकलंय, हे आमच्यापैकी कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. इतक्या जणांच्या इतक्या वर्षांच्या अनुभवाचा उपयोग शून्य.

तेव्हा निखिल हळूच म्हणाला, "कोंबड्यास समज दिली आहे."

"ऐकलेले दिसत नाही," प्राचीने पुढचं म्हटलं.

मग एकेकाला आठवायला लागलं. समुद्र चोवीस तास चालू असतो ते. आमटीचं. डास चावले म्हणणाऱ्याला "डासांतर्फे मी दिलगिरी व्यक्त करतो" असं लिहिलं होतं ते. यायच्या आधी आम्ही सगळ्यांनीच ती वाचली होती, काहींनी घरच्यांना वाचून दाखवली होती. कुणी अर्धं सांगायचं, दुसरा पुरं करायचा. शैलाताई आधी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, मग हसायला लागल्या, मग आम्ही चुकलो तिथे दुरुस्त करायला लागल्या. "दिलगिरी नाही, दिलगिरी ते कधी म्हणायचे नाहीत. 'क्षमा मागतो' असं होतं." माझ्या व्यवसायातलं मी खूप वाचलं-ऐकलं आहे, पण त्या संध्याकाळी त्या पडवीत ऐकलं त्याच्यासारखं काही नाही. मी तिथे होते याबद्दल मला फार कृतज्ञ वाटतं.

रविवारी सकाळी कामाला लागलो. अपिलासाठी सलग व्हिडिओ लागतो. रस्त्यापासून सुरुवात करायची, व्यवसायाची पाटी दाखवायची, आणि आपणच मालक आहोत हे दिसावं म्हणून दाराचं कुलूप उघडून आत जायचं.

पहिली अडचण पाटी. शैलाताईंनी शेजारच्या दामूला हाक मारली. दामू खाडीवरच्या होड्यांची नावं रंगवतो. "होडीवर रंगवतंव तसाच रंगवू?" त्याने विचारलं. एक जुनी फळी आणली, निळा रंग, त्यावर पिवळी अक्षरं, वर 'श्री' आणि दोन्ही बाजूंना एकेक मासा. मासे कुणी सांगितले नव्हते. "माशाबिगर पाटी नागडी दिसते," तो म्हणाला. रंग वाळायच्या आत मी पाटी सरळ करायला गेले आणि माझा अंगठा त्यात उठला.

दुसरी अडचण मोठी. कुलूप.

"कुलूप नाहीच आमच्याकडे," शैलाताई म्हणाल्या. "या दाराला कोयंडाच नाही, बघा. आतून अडसर आहे, तोही चक्रीवादळात घातला होता तेवढाच. घरात कोणी ना कोणी असतंच, मग कुलूप कशाला?"

निखिल गाडीची चावी घेऊन उठला. "बाजारातनं कुलूप आणतो, दहा मिनिटांत कोयंडा ठोकतो. कुणाला कळतंय?"

"नको," शैलाताई म्हणाल्या. "काल एक खोटं झालं तेवढं पुरे."

ते प्रेमाने झालं होतं, पण बोलणं बरोबर होतं. निखिलने चावी परत खिशात टाकली. शैलाताईंनी फोन हातात घेतला, रस्त्यावर गेल्या आणि एकट्याच चालायला लागल्या. आम्हाला मागे यायला बंदी. भाट्येचा फाटा दाखवला, मासेवाली पाटी दाखवली, अंगण ओलांडलं. दार सताड उघडं होतं. तिथे थांबून त्या शांतपणे म्हणाल्या, "या दाराला कुलूप नाही. मी असते घरात." मग आत गेल्या. खोल्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं, माळ्यावर गवतात रचलेले आंबे दाखवले, हात घालून त्यातला नेमका पिकलेला काढला. परत पडवीत येऊन झोपाळ्याला धक्का दिला. तो कर्रर वाजला आणि मागे कोंबडा आरवला. तिथेच व्हिडिओ संपवला.

प्राचीने अपील भरलं. मी त्यात खरं ते लिहिलं: आम्ही पाहुणे खरे आहोत, आनंदाच्या भरात एकाच वेळी लिहिलं, आमचे अभिप्राय आम्ही काढून टाकत आहोत. मग सगळ्यांनी आपापले पाच तारे एकेक करून पुसले.

हातात आता वाट बघणंच होतं, म्हणून संध्याकाळी समुद्रावर गेलो. नारळ संशोधन केंद्राच्या बाजूने सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर उतरलं की लांबच लांब वाळू आहे. गर्दी नव्हती. दामू आणि त्याचा भाऊ होडी वर ओढत होते, निखिल जाऊन हात लावायला लागला. दामू ओरडला, "अवो, तुमी त्या बाजूला होवा, तुमी उलटी वढताव!" शैलाताई किती तरी दिवसांनी किनाऱ्यावर आल्याचं म्हणाल्या. घर उघडं ठेवून आल्या होत्या. शेजारीण पडवीत बसली होती.

सोमवारी सकाळी निघताना त्यांनी प्रत्येकाच्या हातात आंब्यांची परडी दिली आणि बजावलं, "आता इथून कोणी काही लिहायचं नाही हां. घरी जा. आपापल्या वेळेने, आपापल्या शब्दांत लिहा. आणि बरं-वाईट दोन्ही लिहा, नाहीतर कोण विश्वास ठेवील?"

परतीच्या वाटेत घाटात रेंज आली की प्राची नोंद उघडून बघत होती. काही नव्हतं. त्या आठवड्याची खबर मी वाटेत चहाला थांबलो तेव्हा लिहिली आणि पहिली बातमी आमच्या मूर्खपणाची दिली, नावगाव वगळून. एरवी कुणी 'छान' म्हणत नाही, त्या दिवशी भरभरून उत्तरं आली. आपापल्या अशा चुका लोकांनी मोकळेपणाने सांगितल्या.

नंतर एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ग्रुपवर शैलाताईंनी नुसता एक फोटो टाकला. फोनच्या पडद्याचा. कोंबड्यास समज दिली आहे. ऐकलेले दिसत नाही. मी मीटिंगमध्येच "आली!" म्हणून ओरडले, आणि मग क्लायंटला सगळं सांगत बसले. अण्णांची सगळी उत्तरं जागच्या जागी होती.

मी आणखी थोडे दिवस थांबले. आंबे संपले, परडीत आता कांदे ठेवते. मग एका रविवारी चहा घेऊन बसले आणि घरच्या नेटवरून अभिप्राय लिहिला. भाट्ये नाही, उत्तम नाही, किनाऱ्याजवळील नाही. लिहिलं की काजूची उसळ अशी कुठे खाल्ली नाही, पाटीवर दोन मासे आहेत, आणि एका अक्षरावर अंगठा उठलाय तो माझा. बरं-वाईट दोन्ही लिहायचं कबूल केलं होतं म्हणून पुढे लिहिलं, "झोपाळा फार वाजतो. दुपारची झोप लागत नाही. एक तारा कमी."

संध्याकाळी फोन वाजला. माझ्या अभिप्रायाला मालकाचं उत्तर आलं होतं. दोन वर्षांतलं पहिलं.

"झोपाळ्याची तक्रार मान्य. तेल मात्र घालणार नाही. तो वाजला की स्वयंपाकघरात वाटते, बाहेर कोणीतरी बसले आहे. तारा ठेवून घ्या, पुढल्या खेपेस येताना घेऊन या."